रविवारची सुई

गेल्या वर्षी पावसाळ्यात आमचा वीजनिर्मितीचा संच वार्षिक दुरुस्तीसाठी बंद होता, तेव्हा मी बॉयलरच्या ड्रमच्या तोंडात अडकलो.

ड्रम म्हणजे बॉयलरच्या अगदी माथ्यावर आडवी निजवलेली लांबलचक पोलादी टाकी. एरवी तिच्यात उकळतं पाणी आणि वाफ असते. दुरुस्तीच्या दिवसांत ती थंड करतात, दोन्ही टोकांची अंडाकृती झाकणं उघडतात आणि माणसं सरपटत आत जातात. मी औष्णिक वीज केंद्रात बॉयलरच्या कामावर सव्वीस वर्षं आहे, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहतो. टाकीच्या आत कुठे काय आहे हे मला डोळे मिटूनही सांगता येतं. म्हणून आमचे तरुण इंजिनिअर त्या दिवशी म्हणाले, "भाऊ, तुम्हीच एकदा आत बघून या."

दोन्ही हात पुढे, मग डोकं, मग एक खांदा तिरपा करून दुसरा. खांदे गेले. छाती गेली. पोट गेलं नाही. मी श्वास सोडला, पोट आत ओढलं, दोन बोटं आणखी सरकलो आणि तिथेच रुतलो. पुढेही जाता येईना आणि मागेही येता येईना.

माझा जोडीदार दुसऱ्या टोकाने आधीच आत शिरला होता. आम्ही दोघं एकाच दिवशी नोकरीला लागलो, क्वार्टरही समोरासमोर. पोट त्यालाही आहे, पण माझ्याइतकं नाही. त्याने टॉर्च माझ्या तोंडावर मारला.

"काऊन थांबला?"

"अटकलो."

"मजाक करून राह्यला का?"

"नाई."

माझा आवाज ऐकून तो गुडघ्यांवर रांगत जवळ आला. "हालू नको. श्वास लहान लहान घे," असं म्हणून त्याने आतून माझे खांदे रेटले आणि बाहेरच्या दोघांनी पाय ओढले. शर्ट फाटला, पोटाची कातडी खरवडून निघाली आणि मी बाहेर आलो. सगळा प्रकार पाच-सात मिनिटांचा असेल. बाहेर कोणीही हसलं नाही. मला पाणी दिलं, बसवलं आणि माझ्याऐवजी दुसरा माणूस आत गेला. हसणं दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये झालं. "भाऊसाठी ड्रमले शटर लावा लागते आता," असं कोणीतरी म्हणालं. सगळ्यात मोठ्याने मी हसलो.

हसून झाल्यावर मात्र मी एकटाच स्टोअरमध्ये गेलो. तिथे गॅस्केटचे आणि वेल्डिंग रॉडचे गठ्ठे तोलायचा काटा आहे. त्यावर उभा राहिलो. एकशे अठरा किलो.

वजन कमी करायचे प्रयत्न मी केले नव्हते असं नाही. आरमोरीजवळच्या धानाच्या गावात वाढलेला माणूस मी, तरी दोनदा भात पूर्ण सोडला. कॉलनीच्या रस्त्यावर पहाटे चाललो. एका वर्षी तेरा किलो उतरवले, पुढच्या वर्षी सोळा चढले. लोकांना वाटतं जाड माणूस जिभेचा गुलाम असतो. मला जिभेचं विशेष नव्हतंच. मला भूक लागायची. अकराला डबा संपवायचो आणि साडेअकराला कँटीनमध्ये आलूबोंडे तळायला घेतले असतील का, हा विचार डोक्यात सुरू व्हायचा. हातात पान्हा असला, वर वेल्डिंग सुरू असलं, तरी तो विचार मागे चालूच असायचा. सगळ्यांच्याच डोक्यात तो असतो आणि बाकीचे लोक माझ्यापेक्षा खंबीर आहेत, असं मी पन्नास वर्षं समजत होतो.

वार्षिक तपासणीत आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी माझा रक्तदाब पाहिला, साखर पाहिली आणि चंद्रपुरातल्या एका डॉक्टरबाईंकडे चिठ्ठी दिली. त्या बाई मला वजनावरून एक शब्दही बोलल्या नाहीत, याचंच मला आश्चर्य वाटलं. त्यांनी प्रश्न विचारले. घरात कोणाला थायरॉइडचा कॅन्सर झाला होता का? स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का? पित्ताचे खडे? दारू? मग रक्ताच्या तपासण्या आणि पोटाची सोनोग्राफी सांगितली. दुसऱ्या भेटीत सगळे कागद पाहून म्हणाल्या, "आठवड्यातून एक इंजेक्शन आहे. भूक कमी करतं, पोट भरल्याची जाणीव लवकर देतं. लहान डोसपासून सुरुवात करू, महिन्या-महिन्याने वाढवू. मळमळ होईल. बऱ्याच जणांना होते. घ्याल?"

"कोण टोचन?" मी विचारलं.

"तुम्हीच."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांनी टेबलाच्या खणातून नमुन्याचा पेन काढला आणि माझ्या हातात दिला. दिसायला खरंच जाडसर पेनासारखा. मागे फिरवायची चकती, पुढे सुई बसवायची जागा. दर वेळी नवी सुई, आधी एक थेंब बाहेर येतो का ते पाहायचं, चकती फिरवून डोस लावायचा, पोटाला टेकवून दाबायचं, सहापर्यंत मोजायचं आणि मगच काढायचं. त्यांनी ते माझ्याकडून तीनदा करवून घेतलं. यंत्र मला समजतं. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "माझ्यापेक्षा तुमचा हात स्थिर आहे." बाहेर पडताना छाती जरा पुढे आली होती, हे कबूल करतो.

घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. तिचा पहिला प्रश्न, "साखर वाढली का तुमची?"

"नाई. वजनासाठी आहे."

"वजनासाठी सुई?" ती थांबली. "अन् मी जे दोन वर्षं भाकरी मोजून वाढून राह्यली, त्याचं काय?"

रागापेक्षा तिला वाईट वाटलं होतं. माझं वजन म्हणजे तिचा स्वयंपाक, असं तिच्या माहेरच्या आणि माझ्या घरच्या सगळ्या बायकांनी तिला वर्षानुवर्षं ऐकवलेलं. मी तिला शेजारी बसवलं आणि डॉक्टरबाईंनी सांगितलं तसं सांगितलं. माझ्या शरीराचा भुकेचा हिशोबच चुकीचा आहे, त्यात तुझ्या हाताचा दोष नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे तुमच्या बहिणीले सांगा एकदा. माया समोर सांगा."

पहिली सुई रविवारी सकाळी घेतली. अंघोळ करून पलंगाच्या काठावर बसलो. सुई बसवली, थेंब पाहिला, डोस लावला. आणि हात थांबला. दोनशे अंश तापमानाच्या पाइपाजवळ सहज जाणारा माझा हात स्वतःच्या पोटापासून चार बोटांवर थांबला. बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "मी करू का?" त्या तीन शब्दांनी काम झालं. टेकवलं, दाबलं, मोजलं. डास चावतो त्याहून कमी. मी उगाच पुन्हा पाहिलं, लागली तरी का म्हणून. रक्ताचा ठिपकासुद्धा नव्हता.

पहिले दोन आठवडे काही झालं नाही. तिसऱ्या आठवड्यात कँटीनमध्ये चहासोबत आलूबोंडा घेतला, बोलत बोलत खाल्ला आणि कामावर परत गेलो. लिफ्टमध्ये लक्षात आलं की अर्धा आलूबोंडा मी बशीत सोडून आलो होतो. ठरवून सोडला नव्हता. विसरलो होतो! लिफ्ट वर जात होती आणि मी जाळीला टेकून उभा होतो. खाण्याची वस्तू मी आयुष्यात प्रथमच विसरलो होतो. डोक्यात एक शांतता होती आणि ती केव्हा सुरू झाली हे मला सांगता येत नव्हतं. बाकीचे लोक असेच जगत होते तर! मला त्यांचा थोडा राग आला आणि मग माझ्या मागच्या पन्नास वर्षांची दया आली.

डोस वाढला तशी मळमळ आली. तिच्याविषयी मी कोणाला गोड बोलणार नाही. तेलाचा वास सहन होईना. बायको फोडणी द्यायची तेव्हा मी गच्चीवर जायचो. एकदा सकाळी कंपनीच्या बसमध्ये कोणीतरी खर्रा घोटत होता, तंबाखू-सुपारीचा तो ओला वास नाकात गेला आणि मी ड्रायव्हरला बस थांबवायला लावून रस्त्याच्या कडेला ओकलो. अख्खी बस खिडकीतून पाहत होती. परत चढलो तेव्हा जोडीदार म्हणाला, "सकाळी सकाळीच घेतली का बे?"

तोपर्यंत मी सुईबद्दल बाहेर कोणालाच सांगितलं नव्हतं. का नव्हतं सांगितलं? लाज होती. मेहनत न करता औषधाने बारीक होणं म्हणजे कॉपी करून पास होण्यासारखं, असं मलाच कुठेतरी वाटत होतं. पण सकाळी सातला दारू पिऊन ड्युटीवर येणारा माणूस म्हणून ओळखलं जाणं त्याहून वाईट होतं. मी उभं राहूनच सांगितलं, "दारू नाई. वजनाची सुई घेऊन राह्यलो. डॉक्टरनं देल्ली. त्याच्यानं मळमळते."

मागून एकाने विचारलं, "किती उतरलं?"

"सात."

"सात किलो!" आणि बसमध्ये एकदम बाजार भरला. माझी लाज त्या बसमधून उतरून कुठे गेली मला माहीत नाही. त्यानंतर ती मला भेटली नाही.

डॉक्टरबाईंनी मळमळीवर उपाय सांगितले. थोडं थोडं खा, तळलेलं नको, पाणी घोट घोट पित राहा. डोस एक महिना तिथेच थांबवला. त्यांनी आणखी एक गोष्ट बजावली. वजनासोबत मांसही जातं, म्हणून अंडी, डाळ, मासे खा आणि अंगमेहनतीचा व्यायाम करा. मी जुन्या वाल्व्हची दोन लोखंडी चाकं अंगणात आणून ठेवली आणि रोज सकाळी उचलायला लागलो. बायको म्हणायची, कॉलनीतले लोक पाहतात. मी म्हणायचो, पाहू दे.

डिसेंबरमध्ये जोडीदार घरी आला. इकडचं तिकडचं बोलला आणि बायको आत गेल्यावर आवाज खाली आणला.

"दोन-चार सुया मले दे."

"काऊन?"

"फेब्रुवारीत पोरीचं लगन आहे. कोट शिवाले टाकला. दर्जी म्हणते, बटन लागत नाई."

"अबे, हे औषध आहे. असं वाटता येत नाई."

"नवी सुई लावतो न मी. तुयी सुई नाई मागत."

"सुई नवी असली तरी पेन एकाचाच असते. अन् तुया तपासण्या कुठी झाल्या? मले सांग, डोस कोण ठरवन? तू का मी?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्याला उंबऱ्यावरून परत पाठवत होतो. "सव्वीस वर्षांत तुले काई मांगलं का मी? किडनी मांगून राह्यलो का तुयी?" असं म्हणून तो चहा तसाच ठेवून गेला.

समोरच्या क्वार्टरमधला माणूस रुसला की तो रुसवा दिवसातून दहा वेळा दिसतो. तो बसमध्ये दुसऱ्या बाकावर बसायला लागला. कामावर हातोडी मागायची तर तिसऱ्या माणसाकडून मागायचा. बायको म्हणाली, देऊन टाकायची होती एखादी, एवढा जवळचा माणूस. मलाही दोन-तीनदा तसं वाटलं. ज्याने मला टाकीतून ढकलून बाहेर काढलं त्यालाच मी नाही म्हटलं होतं. पण मी चुकलो असं मला एकदाही वाटलं नाही. परमिट असल्याशिवाय कोणत्याही यंत्राला हात लावू नये, हे आम्ही दोघंही नव्या लोकांना शिकवत आलो आहोत.

तीन आठवड्यांनी मी मोटरसायकल काढली, त्याच्या दारात लावली आणि हॉर्न वाजवला. तो बनियनवर बाहेर आला.

"चाल."

"कुठी?"

"डॉक्टरबाईकडे. नंबर लावला तुयाच नावानं."

तो कुरकुरला, पण शर्ट घालून आला. बाईंनी त्यालाही तेच प्रश्न विचारले. स्वादुपिंडाच्या प्रश्नावर तो सहज म्हणाला, "सहा वर्षं झाले, नागपूरले भरती होतो न मी. पोटात आग पडली होती. पॅनक्रियाज का काय म्हणत होते." मला ती वेळ आठवली. मीच त्याला गाडीत घालून नेलं होतं. आम्हा सगळ्यांना ते पोटदुखीचं दुखणं म्हणूनच लक्षात होतं, नाव कोणी ध्यानात ठेवलं नव्हतं. बाईंनी लिहायचा पेन खाली ठेवला. "मग हे इंजेक्शन मी तुम्हाला देणार नाही. ती सूज परत येऊ शकते आणि दर वेळी माणूस वाचतोच असं नाही." त्यांनी त्याला दुसरे मार्ग सांगितले, आहार लिहून दिला, जुने कागद घेऊन परत बोलावलं.

परत येताना पठाणपुऱ्याच्या बाजूला चहाच्या टपरीवर थांबलो. अर्धा कप चहा संपवून तो म्हणाला, "तू देल्ली असती त मी घेतली असती."

"हो."

"सांगितलंही नसतं कोणाले."

"हो."

त्याने दोन्ही चहांचे पैसे दिले आणि परतीच्या वाटेवर मोटरसायकल त्याने चालवली. पोरीच्या लग्नात तो कोटाची बटणं उघडी ठेवून फिरला आणि फोटोवाल्याने बटण लावायला सांगितलं तेव्हा म्हणाला, "अशीच फॅशन आहे."

आता कोणी विचारायच्या आधीच सांगून टाकतो. यंदाच्या दुरुस्तीत मी ड्रममध्ये गेलो आणि आलो. तेव्हा मी त्र्याण्णव किलोंचा होतो. आत जाताना मला काही विशेष वाटलं नाही. भरपूर काम होतं.

विशेष वाटलं ते त्याच्या आधी, मे महिन्यात, आरमोरीला.

आरमोरीला माझी मोठी बहीण असते, तिला मी बाई म्हणतो. आई लवकर गेली, त्यामुळे बाईनेच मला मोठं केलं. बाई माझ्यासारखीच अंगाने भरलेली, आणि तिला बारा वर्षांपासून साखर. एप्रिलमध्ये तिच्या पायाच्या अंगठ्याला विळ्याने लागलं. मे आला तरी जखम भरेना. तिच्या सुनेने मला फोन केला, "मामाजी, तुमी येऊन सांगा. डॉक्टर इन्सुलिन म्हणते अन् सासूबाई आयकत नाई."

मी चार दिवसांची सुट्टी घेतली. आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन म्हणजे सावलीत ठेवलेली बादलीसुद्धा अंघोळीला गरम. औषध थंड राहिलं पाहिजे, म्हणून पेन तोंडबंद थर्मासमध्ये, बाजूला कपड्यात गुंडाळलेला बर्फ, मांडीवर थर्मास, असा मी एसटीने गेलो. पोहोचल्याबरोबर पेन फ्रिजच्या मधल्या खणात ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं की याला हात लावू नका.

बाईने मला पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "काय होऊन गेलं रे भाऊ तुले? कोणता आजार झाला? खरं सांग."

"आजार नाई बाई. औषध घेऊन कमी केलं."

"गाल पाह्य कसे बसले!" तिने सुनेकडे पाहिलं. "याच्या बायकोले काऊन नाई सांगत कोणी, याले खाऊ घालाले?"

माझी बायको सोबत आली असती तर काय झालं असतं, देव जाणे. मी बाईला तिथेच सांगितलं की माझ्या बायकोने मला कधी उपाशी ठेवलं नाही आणि कधी जास्त खाऊही घातलं नाही, दोष तिचा तेव्हाही नव्हता आणि आताही नाही. हे मी पंचवीस वर्षांपूर्वीच म्हणायला हवं होतं. बाई म्हणाली, "आणाची होती सोबत." फोनवर मी बायकोला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माया समोर सांगा म्हणलं होतं न मी?" आणि हसली.

शनिवारी दुपारी विजेची लाइन गेली ती चार तास आली नाही. मी ओसरीवर झोपलो होतो. बाईला वाटलं, भावाचं महागाचं औषध खराब होईन. लाइन आल्यावर लंगडत उठून तिने तो पेन वरच्या बर्फाच्या खणात, अगदी मागे नेऊन ठेवला. रविवारी सकाळी मी काढला तर आत औषध गोठलेलं. गोठलेलं औषध परत पातळ झालं तरी घ्यायचं नसतं. पेनात अजून दोन आठवड्यांचे डोस होते.

बाई दारात उभी होती. "थंडच पायजे म्हणलं होतं न तू?"

"थंड पायजे, पण बर्फ नाई पायजे."

"गेलं का मंग?"

"गेलं. पण दुसरं भेटते, बाई. दोन दिवस पुढे गेलं तरी चालते."

ती माझ्या शेजारी खाली बसली. तो पेन तिने हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला. तिच्या अंगठ्याची पट्टी काळपट पिवळी झाली होती आणि तिला वास येत होता. ती म्हणाली, "कोण टोचून देते तुले?"

"मीच."

"सोताच्या हातानं? पोटात?"

"सोताच्या हातानं. दर रविवारी."

"दुखत नाई?"

"पायाले लागलं त्याच्या शंभराव्या हिश्शाचंही नाई."

मग ती खरं बोलली. गल्लीतल्या एका बाईला इन्सुलिन लागलं आणि चार महिन्यांत ती गेली. तेव्हापासून बाईच्या मनात पक्कं बसलं होतं की सुई लागली म्हणजे शेवट आला. "मले डर सुईचा नाई रे," ती म्हणाली. "सुईच्या मांगून जे येते त्याचा आहे."

मी तिला तो वाया गेलेला, आता वितळलेला पेन दिला, नवी सुई बसवून दिली आणि घरामागच्या परड्यातलं एक लिंबू आणून समोर ठेवलं. "याले टोच." तिने माझ्याकडे पाहिलं, लिंबाकडे पाहिलं आणि टोचलं. सहापर्यंत मोठ्याने मोजलं, शाळेतल्या पोरीसारखं. दुसऱ्यांदा टोचलं. तिसऱ्यांदा सुनेला बोलावून तिच्यासमोर टोचलं. सोमवारी ती स्वतःहून म्हणाली, "चाल, दवाखान्यात जाऊ." डॉक्टरांनी जखम साफ केली आणि तिला बारीक दिसत नाही हे पाहून पेनचंच इन्सुलिन लिहून दिलं. साखर एकदम खाली गेली तर काय करायचं, तेही तिच्याकडून आणि सुनेकडून वदवून घेतलं. संध्याकाळी बाईने मला आणि सुनेला तोंड फिरवायला लावलं, पदराआड पोट उघडलं आणि स्वतःची पहिली सुई घेतली. आम्ही भिंतीकडे पाहत उभे होतो. मागून मोजणं ऐकू आलं. सहाच्या पुढेही ती दहापर्यंत मोजत गेली.

मी मंगळवारी चंद्रपूरला परतलो, नवा पेन घेतला आणि दोन दिवस उशिरा माझी सुई घेतली.

माझं पुढे काय, असं लोक विचारतात. मीही डॉक्टरबाईंना विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं की औषध बंद केलं तर भूक परत येते आणि बहुतेकांचं वजनही. आता डोस आहे तिथेच थांबवला आहे, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू म्हणतात. मी रक्तदाबाची गोळी रोज घेतो, तिच्यासाठी मला कोणी कमकुवत म्हणत नाही. ही सुई लागेल तितकी वर्षं घेईन. भात खातो, कमी खातो, चव घेऊन खातो. माझा चष्मा मी जसा लाज न वाटता घालतो, तसंच हे.

दिवाळीनंतर मी आणि बायको आरमोरीला गेलो. कापणी सुरू होती, घरात नव्या तांदळाचा वास होता. बाईचा अंगठा भरला होता, नख मात्र वाकडं आलं होतं. जेवायच्या आधी शेजारची एक बाई आली. तिची साखर वाढली होती आणि डॉक्टरने तिलाही सुई सांगितली होती. ती घाबरून विचारायला आली होती.

बाईने भाताचं गंज चुलीवरून खाली उतरवलं आणि पदराला हात पुसले. "डरते काऊन? मी रोज घेतो," ती म्हणाली. "पण पहिले डॉक्टर जे म्हणन ते सारं आयकून घे. कागदावर लिहून आण. मंग माया जवळ ये. मी शिकवतो तुले." आणि माझ्या बायकोला म्हणाली, "परड्यातून एक लिंबू तोडून आणजो वं."